ग्रह शोधायचे, तर पदवी कशाची घ्यावी?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञानला आहे. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे मोठे ग्रह शोधायचे, असे तिने ठरवले आहे. त्यासाठी दुर्बीण घ्यावी का, परदेशी जावेच लागेल का, आणि यात पोट भरेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : आधी या कामाचे स्वरूप पाहू, कारण पदवीची निवड त्यावरच ठरते. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, म्हणजे त्याचे अधिक्रमण होते, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. गुरूची त्रिज्या सूर्याच्या सुमारे एक दशांश असल्यामुळे त्याच्याएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा जेमतेम १ टक्का प्रकाश अडवतो. अशी घट प्रथम टिपली गेली ती १९९९ साली, एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या बाबतीत. ती टिपणाऱ्या दोन गटांपैकी एकातले डेव्हिड शार्बोनो तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते, आणि त्यांनी वापरलेली दुर्बीण अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाची होती.

मात्र प्रकाश घटला म्हणजे ग्रह सापडला, असे नव्हे. एकमेकांना ग्रहण लावणारे जोडतारे अशीच घट दाखवू शकतात आणि एखादा लहान, मंद ताराही आकाराने गुरूएवढा असू शकतो. म्हणून वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागून, त्या वस्तूच्या ओढीने ताऱ्याची मागेपुढे होणारी हालचाल मोजून तिचे वस्तुमान काढावे लागते. माझ्या मते खरा कस इथेच लागतो. हे काम भारतातही होते. टीओआय-१७८९ या ताऱ्याच्या प्रकाशातली घट नासाच्या टेस उपग्रहाने नोंदवली. पण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या चमूने माउंट अबूवरील ‘पारस’ या वर्णपटमापकाने मोजमापे घेतली, तेव्हा प्रकाश अडवणारी ती वस्तू गुरूच्या सुमारे ७० टक्के वस्तुमानाचा ग्रह ठरली आणि तो २०२१ मध्ये जाहीर झाला. तेव्हा परदेशी जावेच लागेल, असे नाही.

पदवीला खगोलशास्त्रच हवे, हा आग्रह धरू नका. भौतिकशास्त्र आणि गणित पक्के हवे, जोडीला संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. पुण्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) साठी आयएटी आणि मुंबईच्या सीईबीएस (मूलभूत विज्ञानांचे उत्कृष्टता केंद्र) साठी नेस्ट, या दोन्ही प्रवेश परीक्षा तिने द्याव्यात. तिथे जमले नाही, तर चांगल्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. आणि जेस्ट किंवा नेट ही पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी., हा मार्गही तितकाच खुला आहे.

पोटापाण्याचे स्पष्टच सांगतो. बारावीनंतर पीएच.डी. होईपर्यंत साधारण दहा-अकरा वर्षे जातात, पीएच.डी.च्या काळात शिष्यवृत्ती मिळते, परंतु संशोधनसंस्थांतील कायम जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी असते. संख्यांचे विश्लेषण हातात असलेल्यांना उद्योगातही कामे मिळतात, त्यामुळे वाट अगदीच बंद होत नाही. पण घरातून लवकर कमावण्याची निकड असेल, तर ते तिच्याशी आजच बोला.

दुर्बीण सध्या घेऊ नका, साधा लॅपटॉप पुरेल. नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदी विनामूल्य उपलब्ध आहेत. परीक्षा संपल्यावर तिला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून ‘केप्लर-१’ या ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख काढू द्या. त्याचा ग्रह २.४७ दिवसांत एक फेरी मारतो. हा आकडा तिला नोंदींतून स्वतः काढता येतो का, आणि आकडा जुळल्यावरही हा जोडतारा कशावरून नाही, हे शोधत ती बसते का, ते पाहा. ते पाहून मला पुन्हा लिहा. आयसर की बी.एस्सी., हे तेव्हा अधिक नेमके सांगता येईल.