‘बेगम’ला गम नसतो, हे कोणी सांगितलं?

प्रश्न: एका लग्नात सूत्रसंचालकाने सांगितलं की ‘बेगम’ म्हणजे ‘बे-गम’, जिला कसलंही दुःख नाही ती, मोगल दरबारात राण्यांना म्हणूनच हा किताब देत. हे बरोबर आहे का? मराठीतला ‘बेगमी’ हा शब्द त्यातूनच आला का? आणि अनेकवचन ‘बेगमा’ करायचं की ‘बेगमी’?

उत्तर: बरोबर नाही. ही बे-गमची गोळी आता लग्नांत, मालिकांत, सकाळच्या सुविचारांत इतक्या वेळा चघळून झाली आहे की ऐकणाऱ्यालाच गम खावा लागतो. अनेकवचन ‘बेगमा’. ते झालं, आता मूळ भांडणाकडे वळू.

मराठीत दोन वेगळे ‘ग’ एकाच अक्षरात कोंबले गेले आणि तिथेच घोटाळा झाला. दुःख या अर्थाच्या फारसी शब्दातला ग घशात घासून येतो, त्याचं अक्षर गैन. ‘बेगम’मधला ग आपल्या गवतातला, गाईतला, त्याचं अक्षर गाफ. फारसी लिहिणाऱ्याला हे दोन शब्द एकसारखे दिसणंच शक्य नाही. उर्दू शायरांनी दोन्हींवर कोट्या केल्या त्या कोट्या आहेत हे माहीत असून केल्या. हा घशातला ग दाखवायला अक्षराखाली टिंब देतात, तो नुक्ता; त्याला आपण कधी दारात उभं केलं नाही, त्यामुळे आपल्याला कोटीच व्युत्पत्ती वाटू लागली.

‘बेगमी’ मात्र खरोखरच बे-गमची लेक आहे. बे-गमी म्हणजे निश्चिंती, घोर नसणं. कोकणात आगोटीच्या आधी सरपण रचून झालं, सुकी मासळी डब्यात गेली, तांदूळ-मीठ-मिरची भरली की चार महिने कसला गम? मग निश्चिंती देणाऱ्या साठ्यालाच ‘बेगमी’ म्हणू लागले. भावना गेली, पोती उरली. किल्ल्यावर दारूगोळ्याची बेगमी करतात तीही हीच. तेव्हा बेगम आणि बेगमी यांचं नातं नावापुरतंच. रैदासांच्या पदातला ‘बेगमपुरा’ म्हणजे दुःख नसलेलं गाव, आणि छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, बीबी का मकबऱ्याशेजारचा बेगमपुरा म्हणजे बेगमेच्या नावाचा पुरा. लिहायला एकच, पण एका गावात गैन राहतो आणि दुसऱ्यात गाफ.

आता ‘बेगम’. ‘बेग’ हा तुर्की शब्द, अर्थ सरदार, धनी. मिर्झा बेग, अमुक बेग ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. कोश उघडलात तर ‘बेगचे स्त्रीलिंगी रूप’ एवढं लिहून कोशकार पुढच्या शब्दाकडे पळालेला दिसतो. अहो, पण तुर्की भाषेत व्याकरणातलं लिंगच नाही! ‘तो’ आणि ‘ती’ला सुद्धा एकच सर्वनाम. तिथे स्त्रीलिंगी प्रत्यय कुठून आणलात? शेवटचा ‘इम’ किंवा ‘उम’ म्हणजे ‘माझा’. बेगिम म्हणजे ‘माझे धनी’. तसंच खानपासून खानम. फारसीतही ‘अम’ लावला की ‘माझा’ होतो, म्हणून सिनेमातली ‘जानम’ म्हणजे माझा जीव. दोन वेगळ्या भाषांतले दोन वेगळे प्रत्यय, काम मात्र एकच. लडिवाळ मायना घट्ट होत होत किताब झाला.

इथे दुसरी एक मंडळी पुढे सरसावतात: ‘बेगची बायको ती बेगम, यात एवढं काय?’ यांना मी बाबराच्या घरी घेऊन जातो. बाबराची आई कुतलुग निगार खानम. नवरा कोण? उमर शेख मिर्झा, फरगाण्याचा राजा. तो खान नव्हे, मिर्झा, म्हणजे तैमूरच्या वंशातला. मग ती खानम कशी? कारण बाप युनूस खान, चंगीझच्या वंशातला. बाबराची आजी, म्हणजे याच युनूस खानाची बायको, नवरा खान असूनही ऐसान दौलत बेगम. कारण ती एका बेगची मुलगी. मावशी मेहर निगार समरकंदच्या सुलतान अहमद मिर्झाला दिलेली, तरी खानमच. आणि बाबराची सख्खी मोठी बहीण खानजादा बेगम, कारण बाप मिर्झा. एकाच घरात आई खानम, मुलगी बेगम! म्हणजे मुळात हा किताब सासरचा नव्हेच, माहेरचा आहे. आज ‘आमची बेगम’ म्हणून बायकोची ओळख करून देणाऱ्या रसिक नवऱ्यांनी जरा सासऱ्यांचं स्मरण करावं.

खानजादाची हकीकत तर या गोष्टीचा पुरावाच आहे, आणि ‘बे-गम’वाल्यांना उत्तरही. 1501 साली शैबानी खान उझबेकाने बाबराच्या ताब्यातल्या समरकंदला वेढा घातला. शहरात खायला उरलं नाही, बाबर रात्री बाहेर पडला आणि बहीण शैबानीच्या हाती गेली. बाबर आपल्या आठवणींत हे असं लिहितो की जणू गडबडीत मागे राहिली. त्याचा मावसभाऊ मिर्झा हैदर आणि मुलगी गुलबदन मात्र सांगतात की सुटकेच्या बोलीत तिचं लग्न होतं. माझा कौल या दोघांना. स्वतःच्या घोड्यापासून समरकंदच्या फळांपर्यंत सगळं बारकाईने लिहिणाऱ्या माणसाची लेखणी सख्ख्या बहिणीपाशीच आखडती व्हावी, हा योगायोग मला पटत नाही.

त्यात आणखी एक पेच. सुलतान अहमद गेल्यावर ती मावशी, मेहर निगार, शैबानीच्याच जनानखान्यात आली होती. मावशी-भाची एकाच वेळी निकाहात ठेवता येत नाहीत, म्हणून त्याने मावशीला तलाक दिला आणि भाचीशी लग्न केलं. पुढे खानजादा भावाची बाजू घेते म्हणून तिलाही सोडलं आणि एका सय्यदाला देऊन टाकलं. 1510 मध्ये मर्वच्या लढाईत इराणच्या शाह इस्माईलने शैबानीला मारलं आणि तिला मानाने कुंदूजला भावाकडे पोचवलं. बाबर भेटायला गेला, बोलू लागला, तरी तिने त्याला लगेच ओळखलं नाही. दहा वर्षं झाली होती. आता शब्दाकडे बघा: एका जबरदस्त खानाची बायको झाली, त्याला मुलगाही दिला, तरी ती खानम झाली नाही. गेली ती बेगम, आली ती बेगम. आणि हिला कसला गम नव्हता म्हणे!

तुम्ही दरबारी प्रेमकथांचं विचारलं नाहीत, पण हमीदा बानूचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1541. चौसा आणि कनौज हरून हुमायून सिंधच्या वाळवंटात फिरतोय, राज्य शेरशाहकडे. सावत्र आई दिलदार बेगमच्या मेजवानीत त्याला चौदा वर्षांची हमीदा दिसते. ती हिंदालच्या गोटातली. हिंदाल हा दिलदारचा मुलगा, हुमायूनचा सावत्र भाऊ. हिंदाल भडकतो: हिला मी बहिणीसारखी, लेकीसारखी मानतो. हमीदाला बोलावणं जातं तर ती म्हणते, बादशहांचं दर्शन एकदा घेणं रास्त, दुसऱ्यांदा गैर. चाळीस दिवस तिची मनधरणी चालली. दिलदार म्हणाली, लग्न कुणाशी तरी करशीलच ना, मग बादशहाहून चांगला कोण? त्यावर त्या पोरीचं उत्तर असं: करीन, पण ज्याच्या गळपट्टीपर्यंत माझा हात पोचेल अशाशी, ज्याच्या अंगरख्याच्या घेरालाही हात लागत नाही अशाशी नाही. शेवटी लग्न झालंच आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात उमरकोटला अकबर जन्मला.

यावरून हमीदा-हिंदालची ताटातूट रंगवणारे पुष्कळ आहेत. हे सगळं लिहून ठेवणारी गुलबदन हिंदालची सख्खी बहीण आणि हमीदाची जन्माची मैत्रीण. तिने हिंदालचा संताप लिहिला, हमीदाचा नकार लिहिला, दोघांचं प्रेम होतं असं एका शब्दाने लिहिलं नाही. झाकायचं असतं तर तो नकार आधी झाकला असता. ती लिहीत होती अकबराच्या हुकमावरून, म्हणजे मुलापुढे त्याच्या आईची गोष्ट! या गोष्टीत प्रेमभंग हवाच असेल तर तो चाळीस दिवस ताटकळलेल्या हुमायूनच्या पदरात टाका.

पण माझ्या माहेरच्या नियमाला पहिली चीर इथेच जाते, हे विरोधक दाखवायच्या आत मीच दाखवतो. हमीदाचे वडील शेख अली अकबर जामी, हिंदालचे गुरू; ना बेग, ना मिर्झा. तरी ती बेगम. हिंदुस्थानात आल्यावर किताब हळूहळू सासरकडे सरकला. तो पुरता सासरचा झाला ते आंबेरच्या राजकन्येपाशी. 1562 मध्ये राजा भारमलने मेवातच्या मोगल सुभेदाराच्या जाचातून सुटण्यासाठी मुलगी अकबराला दिली, लग्न सांभरला झालं. हिला पुढे ‘मरियम-उझ-झमानी’ हा किताब मिळाला आणि तिच्या हुकूमनाम्यांवर तिचा उल्लेख ‘वली निअमत बेगम’ असा येतो. आंबेरच्या कछवाह्या राजपुतांच्या मुलीला तुर्की सरदाराचा मायना! तिला ‘जोधाबाई’ म्हणणाऱ्यांविषयी काही बोलत नाही. जोधपूरची लेक ती नव्हेच. जोधपूरची लेक म्हणजे जहांगीरची बायको जगत गोसाईं, शाहजहानची आई, म्हणजे या बाईंची सून. सासूला सुनेच्या माहेरचं नाव चिकटवण्याचा पराक्रम जगाच्या पाठीवर आपल्याच लोकांना जमला असावा.