फिरत्या सर्कशीचा प्रयोग कसा उभा राहतो?

प्रश्न : सर्क दु सोलेय या कॅनडातील संस्थेचा ‘बझार’ हा प्रयोग मी २०१८ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पाहिला. त्यात मल्लखांब पाहून आनंद झाला. अशा प्रयोगात आधी कथा ठरते की कसरती? दौऱ्यात एखादा कलाकार जखमी झाला, तर काय करतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कथेची कल्पना आणि कसरतींची निवड ही कामे बरीचशी बरोबरीने चालतात, तरीही पाया कसरतीचाच असतो, असे मला वाटते. कथेतले पात्र तालमीत बदलता येते, पण कलाकाराने लहानपणापासून कमावलेले अंग बदलता येत नाही, आणि म्हणून दिग्दर्शकाला त्या अंगाला जे साधते त्यातूनच प्रसंग घडवावा लागतो. १९८४ मध्ये क्वेबेक प्रांतात सुरू झालेल्या या संस्थेने प्राण्यांचे खेळ ठेवलेच नाहीत, त्यामुळे सारा भार माणसाच्या शरीरावर, संगीतावर आणि प्रकाशयोजनेवर आला.

मल्लखांबाचेच पाहा. स्पर्धेत खेळाडू मोजक्या वेळात अवघड उड्या, पकडी आणि आसने यांचा संच बसवतो, कारण त्याला परीक्षकांकडून गुण मिळवायचे असतात. रंगमंचावर मात्र तोच खेळाडू एखाद्या आसनात क्षणभर थांबतो, पुढच्या उडीची उत्सुकता वाढू देतो आणि चारही बाजूंना पसरलेल्या प्रेक्षकांचे भान ठेवतो. जमिनीत पुरलेला खांब तिथे चालत नाही. तो चटकन आणता-नेता येईल आणि तरीही तसूभर हलणार नाही, अशी बैठक लागते. मांड्या, पोटऱ्या आणि बगलांच्या उघड्या कातडीनेच पकड मिळत असल्यामुळे वेशभूषाकारालाही हात आखडता घ्यावा लागतो. मला स्वतःला सर्वांत कठीण वाटतो तो दोन कसरतींमधला सांधा : खांब हलवला जात असताना विदूषकाने प्रेक्षकांचे लक्ष दुसरीकडे वेधायचे आणि तरीही कथेचा धागा सोडायचा नाही.

संगीत शक्यतो प्रत्यक्ष वाजवले जाते, त्याचे कारणही व्यावहारिक आहे. कलाकाराची उडी हुकली आणि त्याने ती पुन्हा घेतली, तर वाद्यवृंदाचा प्रमुख कानातल्या यंत्रावरून साथीदारांना सूचना देऊन तोच तुकडा पुन्हा वाजवून घेतो, आणि प्रेक्षकांना खंड जाणवत नाही.

आता दुखापतीविषयी. पहिला प्रयोग झाल्यावर दिग्दर्शक सहसा दौऱ्याबरोबर राहत नाही. कलादिग्दर्शक राहतो आणि प्रयोगाची जबाबदारी त्याच्याकडे येते. कोण खेळणार, कोणाला विश्रांती द्यायची, हे तो प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलून ठरवतो. राखीव कसरती आधीच तयार असतात, काही कलाकारांना एकाहून अधिक भूमिका येतात, आणि बदललेल्या क्रमाप्रमाणे प्रकाश, संगीत व दोरखंडांच्या सूचना रंगमंच व्यवस्थापक नव्याने लावून घेतो. नव्या गावी तंबू उभारला की टांगणीचे प्रत्येक टोक पुन्हा तपासले जाते आणि कलाकार तिथे तालीम करतात. त्यामुळे मुंबईनंतर दिल्लीला गेलेला ‘बझार’ प्रत्येक रात्री त्याच कसरतींसह त्याच क्रमाने झाला असेल, असे धरून चालू नये.