आपल्याच वाटेवर रिसॉर्टचा पास?

प्रश्न : मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं घर आहे. घरामागच्या पायवाटेने आम्ही आजे-सासऱ्यांच्या काळापासून समुद्रावर जातो. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मासळी याच वाटेने वर येते. वाटेची जमीन एका बाहेरच्या माणसाने घेऊन रिसॉर्ट बांधलं आणि गणपतीनंतर फाटक बसवलं. आता रखवालदार पास मागतो, मासळीची पाटी पाहुण्यांसमोरून नेऊ नका म्हणतो. मालकाने एक कागद पाठवलाय : सही करा, मुलाला नोकरी देतो. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही. आम्हीही पर्यटकांना दोन खोल्या देतो, त्यामुळे वाकडं घ्यायची भीती वाटते.

उत्तर : ताई, सही करू नका. कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं झालं. तिसऱ्या ओळीत ‘मालकाच्या परवानगीने आजवर ये-जा करीत आलो’ असं आहे. सगळी मेख तिथेच आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ सांगतं की २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वहिवाट केली तर वाटेचा हक्क मिळतो. परवानगीने पन्नास वर्षं चाललात तरी तो मिळत नाही. म्हणून तो पासही घेऊ नका. घेतला असेल तर परत करा, आणि ‘ही आमची पूर्वापार वाट आहे’ असं पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा.

सातबाऱ्याचं मनावर घेऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. त्यावर पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. रेष सापडली तर सोन्याहून पिवळं. नाहीतर रापण ओढलेली सत्तरीतली माणसं, जुने फोटो, मच्छीमार सोसायटीचे कागद आहेतच. शेजारच्या रापणकरांनाही बरोबर घ्या. त्यांना स्थानिक रूढीचा आधार मिळतो, त्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम १८ चा.

आता घाई कशाची, ते सांगतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा थांबवू शकतात आणि त्या कलमात मासेमारीचाही उल्लेख आहे. पण दावा अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत हवा. तुमचे चार गेले. कुणी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ सुचवलं तर ऐकू नका, ते शेताच्या बांधावरून वाट मागणाऱ्यांसाठी आहे. दिवाणी न्यायालयाचा रस्ता सहा महिन्यांनंतरही राहतो, पण वाट अडवल्यापासून दोन वर्षं उलटली की सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ चा आधार निसटतो.

भरतीरेषेखालचा किनारा शासनाचा आहे, जमिनीबरोबर तो कुणी विकत घेतलेला नाही. शिवाय सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या, नियमांत रिसॉर्टच्या कुंपणाने लोकांची किनाऱ्यावरची ये-जा अडू नये अशी अट आहे. त्याची तक्रार महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करता येते. करा, पण आधी आपलं घर पाहा. खोल्यांना लागून वाढवलेली न्हाणी परवानगीशिवाय असेल, तर तोच नियम तुमच्यावर उलटेल. नियम घरगुती निवासाला जागा देतात, पण घराचं जोतं न वाढवता. कागद आधी नीट करा, मग तक्रार. पर्यटकांमुळे चार पैसे तुम्हालाही मिळतात, यात लाजण्यासारखं काही नाही. त्याने वाटेवरचा हक्क कमी होत नाही.

मुलाला नोकरी मिळत असेल तर खुशाल घेऊ दे. नेमणूकपत्र मात्र वेगळं मागा आणि त्यात वाटेचा एक शब्दही नाही ना, हे सही करण्याआधी मला दाखवा.