दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ: त्या उरलेल्या गोळ्या सुरू करू नका

खालची अक्कलदाढ काढून चौथा दिवस, दोन दिवस बरं वाटलं आणि कालपासून कानापर्यंत कळ, तोंडाला घाण वास. सूज नाही, ताप नाही. घरात मुलाच्या आजारपणातल्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्यात, त्या घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना माझाच गाल ठणकल्यासारखा झाला. मी डॉक्टर नाही, तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण चार वर्षांपूर्वी मी हेच भोगलंय, म्हणून सांगते: त्या गोळ्यांना हात लावू नका, आधी कुणाला तरी तो खड्डा बघू द्या.

कापसाचा बोळा, थंड खाणं, स्ट्रॉ नको, हे तुम्हाला सांगितलंच असेल. ते सोडते.

दुखतंय म्हणजे इन्फेक्शनच, हे मी धरून चालले, ती माझी घोडचूक. दाढ जिथे काढली तिथे फोन केला, तर काउंटरवरची बाई डॉक्टरांना न विचारताच म्हणाली, "कोर्स अजून पाच दिवस वाढवा." दोन दिवसांनी परत फोन केला, तर व्हॉट्सअॅपवर दुसऱ्याच अँटिबायोटिकचं नाव आलं. येऊन दाखवा असं एकदाही कुणी म्हटलं नाही. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघता पाकीट हातात दिलं. आठ दिवस मी गोळ्या गिळत होते. कळ तसूभर कमी नाही, वर जुलाब असे लागले की लोकलमध्ये चढायची भीती वाटायची. आजही त्या फोनची आठवण झाली की संताप येतो, कारण काम होतं पंधरा मिनिटांचं.

शेवटी ऑफिसातल्या ताईंनी मला मुंबई सेंट्रलला नायरच्या डेंटल कॉलेजात नेलं. केस पेपर काढला, रांगेत बसलो. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने आरशाने बघितलं आणि लगेच म्हणाली, "ड्राय सॉकेट आहे, गाठ निघून गेलीय, आतलं हाड दिसतंय." सिरिंजने सलाइनचं पाणी मारून तिने खड्डा धुतला. आतून करडी घाण निघाली, तिच्याबरोबर फोडणीतला मोहरीचा एक दाणा. मग लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत बसवली. बाहेर येऊन स्टेशनच्या जिन्यापर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं, गालावरचा हात मी कधीच खाली घेतला होता. पट्टी नंतर दोनदा बदलावी लागली, बस.

दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच आतल्या हाडावरचं पांघरूण. ती विरघळली किंवा निघून आली की हाड उघडं पडतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कळ सुरू होते. उघड्या हाडाच्या दुखण्याला अँटिबायोटिक काय करणार? खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं, तंबाखू-सिगारेट असेल तर आणखी. मिशरीही त्यातच आली. घरातल्या बायका मिशरीला तंबाखू धरत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. मी स्वतः दाढ काढली त्याच संध्याकाळी मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरल्या होत्या, त्यानेही गाठ निघू शकते. पहिले 24 तास चूळ नकोच, नंतरही पाणी तोंडात नुसतं फिरवून हळूच सोडायचं. आणि लवंगतेल घरी खड्ड्यात ओतू नका, भाजतं.

अँटिबायोटिक कधीच नको, असं मी म्हणत नाही. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्यांना दाढ काढण्याआधी अर्धा-एक तास ते देतातच. साखर ताब्यात नसेल किंवा हाड कापून दाढ काढली असेल, तर डॉक्टर विचार करून देतात. पण धडधाकट माणसांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब असा निघालाय, की एकाचं इन्फेक्शन टाळायला सुमारे 19 जणांना गोळ्या द्याव्या लागतात. उरलेल्या अठरांनी जुलाब, पुरळ आणि औषधाला दाद न देणारे जंतू कशासाठी घ्यायचे? प्रत्येक दाढेमागे सरसकट पाच दिवसांचा कोर्स लिहिणं मला चूक वाटतं. तुमच्या सहा गोळ्या तर दिवसाला तीन धरल्या तर दोन दिवसांत संपतील, म्हणजे खरंच इन्फेक्शन असलं तरी अर्धवटच.

मात्र तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप किंवा पू असेल, तर ते खरं इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज आली, श्वासाला त्रास झाला, तर रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. अशी सूज श्वासनलिकेवर दाब आणू शकते.

एक आठवलं म्हणून: दातासाठी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सर्रास देतात. त्याच्यावर दारू चालत नाही, आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर रक्तस्राव वाढतो. हाडं ठिसूळ होतात म्हणून कुणी गोळी किंवा इंजेक्शन घेत असेल, तर तेही दाढ काढण्याआधीच सांगायचं.

तुम्ही उद्या सकाळी डेंटल कॉलेजात जायला लवकर निघा, केस पेपरची रांग मोठी असते. काढलेला एक्स-रे आणि आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. "खड्डा धुऊन पट्टी ठेवायची गरज आहे का" असं सरळ विचारा. जमलं तर कुणाला तरी सोबत न्या, दुखत असताना आपल्याला नीट बोलवत नाही.