लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे ग्रिडच्या नियंत्रण कक्षात, रुजू होताना

प्रिय,

मुंबईची वीज मुंबईपुरतीच ठेवली असती तर काय बिघडलं असतं, असं तू विचारलंस. बरं केलंस. आपली वीजकेंद्रं बघ: खोपोली 1915 ची, मग भिवपुरी, भिरा, पुढे ट्रॉम्बे. या घरच्या विजेवर शहर कितीतरी वर्षं निभावलं. आता उन्हाळ्यात मागणी चार हजार मेगावॉटच्या वर जाते, आणि शहरात नवा कोळशाचा संच कोण उभारू देणार? वीज बाहेरूनच यायची. त्यात तोटा नाही. दुपारी राजस्थानातलं ऊन आपले एसी चालवतं, दिवस मावळला की कोयना मदतीला येते. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणही जोडली गेली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एकाच जोडलेल्या वीजजाळ्यावर (ग्रिडवर) आला.

पण शेजाऱ्याची वीज घेतली की त्याचं दुखणंही घरात येतं. 30 जुलै 2012 ला बिना-ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही. पश्चिमेची ग्रिड वेळेत सुटी झाली, म्हणून आपले पंखे फिरत राहिले. 12 ऑक्टोबर 2020 ला मात्र कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या गेल्या आणि जिच्या जोरावर आपण कॉलर ताठ करायचो, ती आयलँडिंग योजना (बाहेरची ग्रिड कोसळली की मुंबईला सुटं करून घरच्या विजेवर चालू ठेवायची सोय) टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या.

आयलँडिंगचा हिशेब रोखठोक असतो. सुटं होण्याच्या क्षणी आतली निर्मिती आणि आतला लोड, म्हणजे विजेची मागणी, जुळला पाहिजे. निर्मिती कमी पडली तर फ्रिक्वेन्सी कोसळते आणि संच स्वतःला वाचवायला बंद पडतात. म्हणून कुठले फीडर (वस्त्यांना वीज पोचवणाऱ्या लाइन) आधी तोडायचे याची यादी ताजी लागते. टॉवर वाढतात, मॉल येतात, यादी मात्र जुनीच असते. रुजू झाल्यावर पहिल्यांदा ती मागून घे. स्क्रीनवरचे आकडे नंतर बघ.

2023 मध्ये खारघर-विक्रोळी वाहिनी आली, थोडा श्वास मिळाला. तरीही ऑक्टोबरच्या उकाड्यात कोणी बाहेरून वीज आणणाऱ्या 400 केव्ही वाहिनीचा शटडाऊन (कामासाठी ती बंद ठेवणं) मागितला, तर डहाणू आणि ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रांचे किती संच प्रत्यक्ष चालू आहेत ते आधी फोन करून विचार. कागदावरची क्षमता धरू नकोस. एखादा दुरुस्तीला असेल तर शटडाऊन पुढे ढकल. साहेब चिडले तर माझं नाव सांग.

तुझा,
काका