लष्कराचा लिलावातला ट्रक घेऊन त्याची राहण्याची गाडी करायला नवी मुंबईत किती खर्च येईल?

खर्चाचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की शीळ फाट्याजवळ एका भंगारवाल्याकडे स्टॅलियन (अशोक लेलँडचा फौजी ट्रक) उभा आहे, हाफ सेल्फला स्टार्ट होतो, मागचा ताडपत्रीचा हौदा काढून तिथे झोपायची आणि स्वयंपाकाची खोली बसवायची आहे, आणि ‘कुठल्याही बॉडीवाल्याकडून यू-बोल्ट मारून घेतले की काम झालं’. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. कळंबोलीत आमची बॉडी बांधायची शेड आहे आणि याच यू-बोल्टांवरून, म्हणजे बॉडी ट्रकच्या खालच्या चौकटीला (चेसिसला) आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टांवरून, माझं आणि दाजींचं आजही वाजतं.

आधी कागद. फौजी गाडीला आपल्यासारखं आरसी बुक नसतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६०: लष्कराच्या गाड्यांची नोंदणी त्यांची त्यांच्याकडे होते, म्हणून ती वरच्या बाणाची नंबर प्लेट. गाडी सरकारच्या मालकीतून सुटली की तिला तुमचे-आमचे नियम लागतात, म्हणजे नव्याने नोंदणी. त्यासाठी लष्कराकडून आलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१. झेरॉक्स चालत नाही. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर लिलाव होतो तेव्हा काही माल गाडी म्हणून सुटतो, काही निव्वळ भंगार म्हणून. भंगार म्हणून सुटलेला ट्रक कितीही हाफ सेल्फला स्टार्ट होवो, तो पासिंगला न्यायचा विचार सोडा. भंगारवाला म्हणेल ‘पेपर मिळून जातील साहेब’. मिळाल्यावर पैसे देतो म्हणावं.

दुसरं, तुम्हाला तो फौजी हिरवा रंग तसाच ठेवायचा आहे. नाही ठेवता येणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम वाचा, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. कोणी म्हणेल अमक्याची जीप तर हिरवी फिरते. फिरते, पकडलेली नाही एवढंच.

तिसरं, मागची बॉडी बदलणं हा बदल आहे आणि बदलाला कलम ५२ लागतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कंपनीने जे मूळ स्वरूप दिलं आणि आरसीवर जे आलं त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यातही दुरुस्ती झाली, काही बदलांना वाट मिळाली, पण ती परवानगीतून जाते. म्हणून आधी डब्बा बांधून मग आरटीओत जाऊ नका. वाशीची हद्द असेल तर वाशी, आमच्या बाजूला असाल तर पनवेल, ड्रॉइंग घेऊन आधी जा आणि मोटर कॅराव्हॅनला, म्हणजे राहण्याच्या गाडीला, काय लागतं ते लेखी विचारा. एजंटच्या तोंडी भरवशावर पत्रा कापायचा नाही.

आता मुद्द्यावर येतो.

घोडबंदर रोडचे एक डॉक्टर. त्यांनी स्टॅलियन रीतसर कागदांसह घेतला आणि आमच्या शेडमध्ये आणून उभा केला. गाडी सुरेख होती. मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा अजून पांढरा, त्याच्या वरचा कॉन्व्हॉयचा छोटा दिवा जागेवर. रात्री ताफा चालतो तेव्हा हेडलाइट बंद असतात, मागच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीचा फक्त तो उजळलेला पांढरा गोळा दिसतो आणि तो त्यावर अंतर धरतो. क्लीनर पोरगं तो गोळा काळा मारायला निघालं होतं, त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. केबिनच्या छतातलं झाकण, आतला जाड लाइट स्विच, सगळं आहे तसं ठेवलं. जुनं ठेवण्यासारखं असतं ते ठेवावं, याबद्दल माझं आणि दाजींचं एकमत आहे.

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, रिटायर झालेले, हाताला खरा गुण असलेला माणूस. इंजिनचा आवाज ऐकून कुठल्या सिलिंडरचा इंजेक्टर टपकतोय ते सांगतात. डॉक्टर पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर खूश. मी डॉक्टरांना सांगितलं, डब्बा तीन जागी धरायचा. दाजी म्हणाले, “हौदा कसा धरला होता? रनर, मध्ये लाकडाची पट्टी, दोन्ही बाजूंनी यू-बोल्ट. फौजेने एवढ्या गाड्या अशाच चालवल्या, लडाखला चालवल्या. तुम्ही कळंबोलीवाले आता फौजेला शिकवणार?” रनर म्हणजे हौद्याखाली चेसिसवर लांबीने बसणाऱ्या पट्ट्या.

डॉक्टरांनी फौजेचं ऐकलं. साहजिक आहे. माझ्याकडून त्या पद्धतीने काम होणार नव्हतं, म्हणून डब्बा दुसऱ्या एका शेडमध्ये बांधला गेला. काम वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणतो. वेल्डिंग एकसारखं, आत प्लायवूड, खिडक्यांना दुहेरी काच, सिंक, सगळं नीटनेटकं. आणि रनरपासून चेसिसपर्यंत दोन्ही बाजूंना यू-बोल्ट, वीतवीतभर अंतरावर, असे आवळलेले की पाना फिरत नाही.

जुन्नरकडे डॉक्टरांचं शेत आहे. पावसाळा संपता संपता गाडी तिथल्या ओढ्यातून, मग तिरक्या बांधावरून आत गेली. चारही चाकांना जोर आहे (फोर बाय फोर) म्हटल्यावर जाणारच, त्यासाठीच घेतलीय ना. आत जाऊन उभी केली आणि मागचं दार उघडेना. सपाट जागी आणली तर उघडलं, पण बंद होईना. परत आली तेव्हा दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून छताकडे तडा गेलेला, खिडकीचं रबर सुटलेलं, आतल्या कपाटाचे स्क्रू लाकडातून बाहेर.

दाजींचं निदान काय, तर “वेल्डर कच्चा होता.”

वेल्डर कच्चा नव्हता. लष्करी ट्रकची चेसिस मुद्दाम लवचिक असते. ती शिडीसारखी चौकट दोन सी चॅनेलची असते, उंचसखल जमिनीवर पुढचं डावं चाक वर आणि मागचं उजवं चाक वर असं झालं की ती पिळवटते. पिळवटते म्हणून चारही चाकं जमिनीला धरून राहतात. ताडपत्रीचा हौदा वरून उघडा, तो चेसिसबरोबर पिळवटतो आणि पुन्हा सरळ होतो, त्याला काही होत नाही. बुटांचं रिकामं खोकं झाकण काढून दोन हातांनी पिळा, पिळलं जातं. झाकण चिकटवून पिळा, हलत नाही. हलत नाही म्हणजे जोर गेला का? तो जातो कोपऱ्यात, आणि सगळ्यात मोठं भोक जिथे असेल तिथे, म्हणजे दारात. फौजेने यू-बोल्ट उघड्या हौद्याला मारले. त्याच स्टॅलियनच्या चेसिसवर तुम्ही बंद पेटी आवळता आणि म्हणता लडाखला चाललं होतं. जे चाललं होतं ते हे नव्हतं.

हे दाजींना तोंडी सांगून उपयोग नव्हता, म्हणून गाडी शेडमध्ये आल्यावर पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाखाली लाकडी ठोकळे चढवले. कुठलीही बॉडी बांधण्याआधी आणि बांधल्यावर ही परीक्षा घ्या, फुकट आहे. दारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडव्या-तिडव्या दोन दोऱ्या ताणून बांधल्या. ठोकळे चढले तशी एक दोरी सैल पडून लोंबायला लागली आणि दुसरी तुटायला आली. चौकोनी दार डोळ्यांसमोर तिरकं झालं. मग बाहेरचे यू-बोल्ट सैल केले, एका बाजूला चेसिस आणि रनर यांच्यात आख्खा तळहात जाईल एवढी फट पडली, आणि दार अलगद उघडलं. शेडमधली पोरं हसली. दाजी चहाला निघून गेले.

मग आम्ही केलं ते असं. डब्ब्याखाली त्याची स्वतःची चौकट, म्हणजे सबफ्रेम. मागच्या ॲक्सलच्या जवळ चेसिसला दोन्ही बाजूंना घट्ट पकड. पुढे केबिनच्या मागे, बरोबर मध्यभागी, एकच आधार आणि तो जाड पिनवर फिरणारा, बुश आणि ग्रीस निपलसकट. चेसिस पिळवटली की पुढच्या पिनभोवती फिरते, डब्ब्याला पत्ता लागत नाही. केबिनमधून डब्ब्यात जायची वाट ठेवायची असेल तर मध्ये रबरी भाता लागतो, कारण केबिन वेगळी हलते आणि डब्बा वेगळा. ही युक्ती माझी नाही, बाहेरदेशी मोठ्या फोर बाय फोर ट्रकांवर राहण्याचे डब्बे बसवणारे हेच करतात. दुसरा मार्गही आहे, मागे घट्ट आणि पुढे स्प्रिंग घातलेले लांब बोल्ट, म्हणजे पेटी उचलली जाऊन परत बसते. लहान डब्ब्याला तेही चालतं आणि स्वस्त पडतं. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. ब्रॅकेट उभ्या भागावर आणि शक्यतो कंपनीच्या भोकांत. डब्ब्याचं किंवा सबफ्रेमचं वेल्डिंग करतानाही बॅटरीच्या तारा काढा.

डॉक्टरांची गाडी त्यानंतर त्याच बांधावरून जाते, दार उघडतं. दाजींना विचाराल तर ते म्हणतील नंतर वेल्डर चांगला मिळाला.

बाकीचं थोडक्यात. इंजिन जपानी हिनो कंपनीच्या घराण्यातलं सहा सिलिंडरचं, त्याचं सामान आपल्याकडे मिळतं, म्हणून शक्तिमान या जुन्या फौजी ट्रकपेक्षा स्टॅलियन घ्यावा असंच मी म्हणेन. शक्तिमान जबलपूरला १९९६ पर्यंत बनला, दिसायला राजा, पण एखादा दाता तुटला तर तुम्ही भंगारबाजार पालथे घालणार. इंजिनवर पैसे ओतण्याआधी ब्रेक बघा. उभ्या गाडीत हवेच्या टाक्यांत पाणी साचतं, ब्रेकच्या डायफ्रामचं रबर कडक होतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे लवकर होतं. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून हुरळू नका, बाजूला आठवडा आणि वर्षाचे चार आकडे असतात ते वाचा. फौजेच्या गाड्या कमी चालतात आणि जास्त उभ्या राहतात, टायर झिजून नाही तर वयाने मरतो. लॉक रिंगची रिम उघडायची तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडून, आणि हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. त्या रिंगने माणसं मेलेली आहेत. आणि लायसन्स जड वाहनाचं लागेल, एकूण वजन साडेसात टनांच्या पुष्कळ वर जातं, तुमच्या कारच्या लायसन्सवर भागणार नाही. सोसायटीत उभी करायची जागा आहे का हेही विचारून घ्या, कारण सेक्रेटरी विचारणारच आहे.

खर्च. डब्बा ट्रकपेक्षा महाग पडतो, एवढं धरून चला. आत काय घालणार ते ठरवल्याशिवाय जो तुम्हाला फोनवर आकडा सांगेल, तो नंतर वाढवणार आहे. तीन आधारांच्या सबफ्रेमचा खर्च यू-बोल्टांपेक्षा अर्थातच जास्त, पण तो पूर्ण कामाच्या मानाने किरकोळ आहे. सोलर, फ्रिज आणि टॉयलेटवर लोक याच्या कितीतरी पट घालवतात आणि खाली चार पैसे वाचवतात.

एक मात्र खरं, आणि हे दाजींच्या बाजूचं आहे म्हणून शेवटी लिहितोय. तुम्हाला गाडी फक्त पामबीच रोडला जाऊन यायला किंवा अलिबागला डांबरी रस्त्याने न्यायला हवी असेल, तर यू-बोल्टही वर्षानुवर्षं टिकतील. कळंबोलीतले सगळे बंद कंटेनर तसेच फिरतात, त्यांची चेसिस कडक आणि रस्ता सपाट. पण मग फोर बाय फोर ट्रक घेताय कशाला, साधा टेंपो घ्या, डिझेल वाचेल. डांबरावर चार चाकी जोराचा फायदा शून्य.

बयाणा देण्याआधी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या आणि तो फॉर्म २१ वरच्या नंबरशी आकडा न् आकडा ताडून बघा. प्रमाणपत्र लिलाव घेणाऱ्याच्या नावाने असतं, तो भंगारवाला स्वतःच आहे की मधला तिसरा कोणी, हेही तिथेच कळेल. नंबर जुळला तर मला कळवा, चेसिस बघायला मी येतो. दाजींना आणणार नाही.