आखाजीची रील, मांड्यांच्या ऑर्डरी आणि पोटगीचं शपथपत्र

प्रश्न : माझं सासर शिरपूरचं. दीड वर्षापासून मी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन अमळनेर तालुक्यात माहेरी राहते. पोटगीचा अर्ज अमळनेर कोर्टात चालू आहे, नवऱ्याने धुळ्याला घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. मी खापरावरचे मांडे करून विकते आणि त्याच्या रील इन्स्टाग्रामवर टाकते. घरचं, मुलीचं, सणावाराचंही टाकते. पोटगीच्या शपथपत्रात मात्र उत्पन्न ‘निरंक’ लिहिलंय. मागच्या महिन्यात संतापाच्या भरात फेसबुकवर सगळं लिहून टाकलं : नवऱ्याचं नाव, सासूचा जाच, ‘शिरपूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई’शी त्याचे संबंध, सोबत त्याच्या घटस्फोट अर्जाच्या एका पानाचा फोटो. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय. १५ दिवसांत जाहीर माफी मागा, नाहीतर १० लाखांचा दावा आणि फौजदारी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका खेळतानाच्या आणि ऑर्डरींचे आकडे सांगणाऱ्या माझ्या रीलचे स्क्रीनशॉटही त्यांनी पोटगीच्या केसमध्ये लावलेत. अकाउंटच डिलीट करू का?

उत्तर : ताई, डिलीट करू नका. स्क्रीनशॉट त्यांच्याकडे आहेतच. डिलीट केलं तर नाहीशी होईल ती फक्त तुमची बाजू : मूळ तारीख, पूर्ण मजकूर, आधीच्या-नंतरच्या पोस्ट, खालच्या कमेंट. शिवाय कोर्टापुढे येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. केस चालू असताना अकाउंट उडवलं की समोरचा वकील नेमकं तेच बोट दाखवणार.

आधी सगळं उतरवून घ्या. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’खाली माहिती एक्स्पोर्ट करायची सोय आहे. तारखेत ‘ऑल टाइम’ निवडा, फोटो-व्हिडिओचा दर्जा ‘हाय’ ठेवा. फाइल तयार झाल्यावर ती उतरवायची मुदत थोडेच दिवस असते, म्हणून लगेच पेनड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत वकिलांकडे द्या. हे झाल्यावरच ती फेसबुक पोस्ट आणि घरगुती रील ‘आर्काइव्ह’ करा. लोकांना दिसणं बंद होतं, पण नोंद तुमच्याकडे राहते. चुकून डिलीट झालं असेल तर दोन्हीकडे ३० दिवसांपर्यंत परत आणता येतं. मात्र इन्स्टाग्रामची न साठवलेली स्टोरी २४ तासच राहते.

आता नोटीस. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. उत्तर देण्याची सक्ती नसते, पण गप्प बसलात तर उद्या ‘यांना काही म्हणायचंच नव्हतं’ असं मांडतील, म्हणून मुदतीत उत्तर पाठवा. बदनामीचं कलम न्याय संहितेचं ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षाही होऊ शकते. गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. त्यामुळे पोलीस थेट घरी येऊन अटक करत नाहीत. सासरच्यांना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागेल, आणि दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २२३). दहा लाखांचा दावा हा दिवाणी प्रकार. त्यासाठी कोर्ट फी भरावी लागते आणि पोस्ट टाकल्यापासून एक वर्षाच्या आत तो करावा लागतो. नोटिशीतला आकडा पाहून हबकू नका.

‘मी खरंच लिहिलंय’ एवढं मात्र पुरत नाही. दिवाणी दाव्यात खरेपणा सिद्ध केला की बचाव होतो. फौजदारीत ते खरं असून लोकहितासाठी होतं, हेही दाखवावं लागतं. नवरा-बायकोच्या भांडणात लोकहित दाखवणं अवघड जातं. उलट, अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला याच कलमात अपवाद आहे. सासूच्या जाचाची जी वाक्यं तुम्ही पोलीस ठाण्याच्या किंवा घरगुती हिंसाचाराच्या अर्जात लिहू शकता, तीच फेसबुकवर टाकली की ते संरक्षण जातं.

नर्सबाईंचा भाग मला सगळ्यात कच्चा वाटतो. नाव लिहिलं नाही म्हणून सुटका नाही. ओळखीच्या माणसांना रोख कळला की पुरे, आणि शिरपूरसारख्या गावात तो कळायला वेळ लागत नाही. त्या बाई स्वतंत्र तक्रार करू शकतात. हाती भक्कम पुरावा नसेल तर तेवढ्या मजकुराबद्दल वकिलामार्फत खेद कळवा. नवरा आणि सासूच्या बाबतीत मात्र बिनशर्त जाहीर माफी मागू नका. तशी माफी म्हणजे ‘जाच झालाच नाही’ अशी तुमच्या हातची कबुली, आणि ती पोटगीच्या केसमध्ये आडवी येईल. ‘हक्क अबाधित राखून पोस्ट दिसण्यातून काढली आहे, आरोप योग्य कोर्टापुढे मांडू’, इतकंच उत्तरात असावं. त्या पोस्टखाली तुमच्या भावाने ‘याला पाहून घेऊ’ लिहिलं असेल, तर त्याला आजच थांबवा. धमकीचं कलम वेगळं आहे.

अर्जाच्या पानाचा फोटो : हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे या कायद्याखालचं कामकाज बंद खोलीत चालतं आणि त्यातला मजकूर छापणं-प्रसिद्ध करणं बेकायदा आहे. दंड १,००० रुपयांपर्यंतच, पण न्यायाधीशांचं तुमच्याबद्दलचं मत त्यानं बिघडतं ते भरून काढणं कठीण.

खरी अडचण पोटगीच्या केसमध्ये आहे. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं शपथपत्र सक्तीचं केलं. तुमच्यात ‘निरंक’ आहे, आणि एखाद्या रीलमध्ये तुम्हीच हसत म्हणालाय, ‘आखाजीला चाळीस हजारांच्या ऑर्डरी झाल्या!’ अशा वाक्यावर खोट्या शपथपत्राची कारवाई मागता येते (कलम ३७९, नागरिक सुरक्षा संहिता). उलटतपासणीची वाट न पाहता स्वतःहून दुरुस्ती करणारं शपथपत्र दाखल करा. त्यात विक्री वेगळी आणि नफा वेगळा लिहा. चाळीस हजारांतून गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, सरपण, हाताखालच्या बाईची मजुरी आणि पार्सलचं भाडं वजा झालं की हातात काय उरतं, ते महिन्यावार. आखाजी, श्रावण आणि धोंड्याचा महिना सोडला तर ऑर्डरी किती, तेही. पावत्या जोडा. फोनपे-गुगलपेच्या नोंदी बँकेच्या उताऱ्यात येतातच, त्यांच्याशी आकडे जुळले पाहिजेत. अन्नसुरक्षेची नोंदणी नसेल तर तीही करून घ्या. सासरचे तिकडेही तक्रार करू शकतात. कमावती बायको पोटगीला अपात्र ठरत नाही, हे त्याच निकालात स्पष्ट आहे. कमाई सांगितल्याने रक्कम कदाचित कमी होईल. लपवलेली सापडली तर तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल.

आखाजीच्या झोक्यावरची रील त्यांनी दोन गोष्टींसाठी लावली असणार. एक, ‘ही माहेरी मजेत आहे, स्वतःहून गेली.’ याला उत्तर सोपं आहे : खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते, झोका खेळते, गाणी म्हणते, एका सणाच्या अर्ध्या मिनिटावरून दीड वर्ष ठरत नाही. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. स्त्रीधन सासरी अडकलंय असं तुमचं म्हणणं असेल आणि रीलमध्ये गळ्यात मंगलपोत, हातात पाटल्या दिसत असतील, तर ‘सोनं हिच्याकडेच आहे’ असं ते म्हणतील. ते दागिने बेंटेक्सचे असतील, आईचे असतील, तर तसं लिहून द्या. लग्नातल्या सोन्याच्या सराफाच्या पावत्या शोधा. पावतीवर वजन आणि नग असतात. लग्नाच्या अल्बममधल्या फोटोशी ते जुळवून यादी करा.

स्क्रीनशॉट पुराव्यात घ्यायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा तिचा ओळख-आकडा) नमूद करायची. नुसते प्रिंट असतील तर निशाणी पडतानाच (पुरावा म्हणून क्रमांक मिळतानाच) हरकत नोंदवायला सांगा, नंतर उपयोग होत नाही. पण यावर फार विसंबू नका. ‘ही रील तुमचीच ना?’ असं विचारल्यावर ‘हो’ म्हटलंत की वेगळ्या पुराव्याची गरजच उरत नाही, आणि शपथेवर ‘नाही’ म्हणणं हा मार्गच नव्हे. अकाउंट प्रायव्हेट होतं, ही सबबही टिकायची नाही. फॉलोअरमध्ये नणंदेची एखादी मैत्रीण असतेच. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही इथे तुमच्या बाजूने नाही. स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्याने सरळ बाहेर ठेवली आहे.

मुलीच्या शाळेच्या गणवेशातल्या, रिक्षाची वेळ कळेल अशा रील मात्र आजच आर्काइव्ह करा. ताब्याचा वाद उभा राहिला तर कोर्ट मुलीचं हित आधी बघेल. आणि ती कुठे कधी असते, हे अनोळखी माणसाला कळायचं कारण नाही. मांड्यांच्या रील चालू ठेवा. खापर, पुरण, भाव आणि ऑर्डरचा नंबर पुरेसा आहे. घर, माणसं, आकडे आणि टोमणे नकोत, व्हॉट्सॲप स्टेटसवरही.

वकिलाची फी परवडत नसेल तर अमळनेर कोर्टातच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना नोटिशीचा लिफाफाही न्या. नोटीस मिळाल्याची तारीख त्यावरून ठरते, आणि तुमचे १५ दिवस तिथून मोजायचे आहेत.